अंगठ्याएवढी फट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही तुमच्याच अंगठ्याएवढे झाला आहात. वजन म्हणाल तर शर्टाची पाच-सहा बटणं तळहातावर घेतली, की झालं. अंगभर तपकिरी मऊ लव आहे. हातांची बोटं इतकी लांबली आहेत, की त्यांच्यामध्ये ताणून बसलेल्या पातळ कातडीचे पंख झाले आहेत. आता पायांच्या नखांनी वर घट्ट धरा आणि डोकं खाली सोडा. चक्कर आली? नाही ना, मग ठीक. तुमच्या पोटाशी एक जुनी लाकडी पाटी आहे, पाठीशी भिंत आहे आणि दोन्ही बाजूंना तुमच्या आया, मावश्या, बहिणी दाटीवाटीने लटकल्या आहेत. बाहेर रणरणतं ऊन, आत उबदार अंधार. खालून शिवणयंत्राचा आवाज येतो आहे. तो तुमच्या जन्मापासूनच्या ओळखीचा आहे.

डोळे मिटलेलेच ठेवा आणि ऐका. खाली दारात उभी राहून एक बाई म्हणते आहे, "दुकानाची ही पाटी आता काढायचीच."

उघडा डोळे. गोष्ट इथून सुरू होते.

ती बाई म्हणजे टाचणीची आई. टाचणी हे काही मुलीचं शाळेतलं नाव नव्हे. पण अंगाने काडी आणि प्रश्न विचारायला लागली की टोचल्याशिवाय राहायची नाही, म्हणून मामाने ते ठेवलं आणि ते चिकटलं. टाचणीची आई शिंपीकाम करायची. खाली दुकान, वर घर. दुकानात दोन यंत्रं, कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि भिंतीवर एका खिळ्याला अडकवलेले जाड पुठ्ठ्याचे फर्मे: बाहीचे, कॉलरचे, पाठीचे. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. ते घरी असले की इस्त्री त्यांच्याकडे.

त्या दिवशी दारापाशी दवाखान्याचे पांढरे कोट गठ्ठा करून ठेवले होते आणि सगळ्यात वरच्या कोटाच्या खांद्यावर लेंड्यांचे काळे बारीक दाणे पडले होते.

"बघ!" आईने तो कोट टाचणीच्या नाकासमोर धरला. "हा घालून डॉक्टरांनी रोगी तपासायचे? रोगी आधी डॉक्टरलाच तपासतील!"

"झटकला की जातं, आई."

"रोज झटकू? पाटीवाल्याला सांगून आले मी. पुढच्या शुक्रवारी येतोय. नवी पाटी, भिंतीला चिकटून. मागे मुंगी शिरणार नाही."

टाचणीने मान वर करून पाटीकडे बघितलं. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्या पाटीमागून एकेक पाकोळी, म्हणजे इवलंसं वटवाघूळ, निसटायची आणि गल्लीच्या डोक्यावर भिरभिरायला लागायची. टाचणी पायरीवर बसून ते बघायची. शाळेत कुणाची मांजर होती, कुणाचा पोपट होता. तिच्या या होत्या.

"पण त्या जातील कुठे?"

"त्यांना पंख आहेत. मला विचारून आल्या होत्या का?"

मग टाचणीने जे करायचं तेच केलं. मावशीला फोन लावला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वस्तुसंग्रहालयात वटवाघळांचा विभाग तिच्याकडे होता. मामा, म्हणजे त्या दोघींचा थोरला भाऊ, तिला 'पंडितीणबाई' म्हणायचा आणि वर विचारायचा, "काय, उलटे पाहुणे बरे आहेत ना?"

मावशी संध्याकाळी आली, पाटीखाली वाकून दाणे बघितले आणि आईला म्हणाली, "ताई, पिल्लं आता उडायला लागली आहेत. महिन्यापूर्वी असतं, तर मी तुला पाटीला हात लावू दिला नसता. आता हलवायला हरकत नाही. पण जागा काढून घेण्याआधी दुसरी द्यावी गं."

"मी काय घरमालकीण आहे त्यांची?"

"मग कोण आहेस? भाडं तर घेतेसच. यंदा दुकानात डास किती होते सांग."

डास नव्हते, हे खरं होतं. शेवटी ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत त्या दुसरीकडे राहायला लागल्या तर उत्तम. नाही लागल्या तर माझा नाइलाज आहे. पाटी निघणार."

दुसऱ्या दिवशी मावशी टाचणीला संग्रहालयात घेऊन गेली. कामाच्या खोलीत भिंतभर मोठमोठी चित्रं लावली होती आणि प्रत्येकाखाली काचेच्या पेटीत एकेक सुकवलेलं वटवाघूळ पंख पसरून होतं.

"आपण ज्यांच्याकडे आलोय ते एकच घराणं आहे बरं का," मावशी म्हणाली. "त्याचं शास्त्रातलं नावच मुळी संध्याकाळवरून पडलंय. सांज झाली की निघतात, म्हणून. पण घराणं एवढं मोठं, की पाचशेच्या आसपास जाती आहेत. बर्फाची टोकं सोडली, तर जगात बहुतेक सगळीकडे."

टाचणी एका चित्रापाशी थबकली. "हिचे कान!"

"लांबकानी. कान जवळजवळ अंगाएवढे. झोपताना ते मुडपून पंखाखाली दाबून ठेवते. मग कानाच्या तोंडाशी असते ना, ती टोकदार पाकळी, तेवढी उभी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, हेच कान."

"आणि ही? हिच्या नाकाला नळ्या आहेत."

"नळीनाकी. एक नाकपुडी इकडे, एक तिकडे. आणि ही बघ, हिचं डोकं वरून दाबल्यासारखं चपटं आहे. बांबूला किड्याने पाडलेली चीर असते, त्यातून आत शिरते आणि पोकळीत राहते."

पण टाचणी पुढे निघून गेली होती. शेवटच्या पेटीत एक पाकोळी होती नारिंगी रंगाची, आणि तिच्या पंखांत बोटांच्या मधोमध काळेभोर तुकडे होते. जणू कुणी दोन रंगांची कापडं जोडून शिवली होती.

"मावशी, आपल्या याच असतील!"

"ती केळीच्या वाळक्या पानात राहते, राणी. पाटीमागे नाही."

"पण असू शकते ना?"

"हातात घेऊन बघितल्याशिवाय कोण सांगणार?" मावशी हसली. "तोवर खोकं करून घे. उभं, चपटं, खालून उघडं. आत फट किती, सांगू? मामाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. बस्स. आतलं लाकूड खरबरीत ठेव, म्हणजे नखं अडकतील."

टाचणी घरी आली ती थेट टेबलाशी. तपकिरी कागद पसरला, आईचा खडू घेतला, टेप गळ्यात टाकला आणि खोक्याचा फर्मा आखला. कुठल्याही शिंप्याच्या पोरीला आखणी शिकवावी लागत नाही. ती तिच्या हातात असते. मापं झाली, कागद कापला आणि ती समोरच्या मामाच्या सुतारशाळेत पळाली.

मामाने कागद उलटसुलट केला. "फट जरा मोठी नाही वाटत?"

"दोन्हीकडून दोन-दोन बोटं माया धरली आहे मी."

"काय धरलीस?"

"मामा, तुला माया माहीत नाही? शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते. उद्या अंग भरलं, की उसवून मोठं करता येतं. तुझं लाकूड कुठे उसवता येतं? म्हणून आधीच सोडली."

मामा भुश्याने भरलेल्या भुवया उडवून हसला. "अरे वा! आम्ही सुतार एक रेघ इकडेतिकडे झाली तर कपाळाला हात लावतो, आणि या बाईसाहेब चार बोटं दान करतायत. ठीक आहे. गिऱ्हाईक म्हणेल तसं."

खोकं झालं. मामाने ते पाटीच्या शेजारी, छज्ज्याखाली ठोकून दिलं. टाचणी पायरीवर बसली. पाकोळ्या निघाल्या, गल्लीवर फिरल्या, खोक्याजवळून दोनदा-तीनदा गेल्यासुद्धा. सकाळी तिने टॉर्च मारून बघितलं. रिकामं.

दुसऱ्या दिवशी रिकामं. तिसऱ्याही दिवशी एक कोळी तेवढा जाळं विणून बसला होता.

"पाहुणा आला की एक," मामा म्हणाला. टाचणीला हसू आलं नाही.

"वास आवडत नसेल नव्या लाकडाचा," आई म्हणाली. तिने नव्या पाटीची अक्षरं ठरवायला घेतली होती. पण टाचणीचं तोंड बघून कागद बाजूला सारला. "हे बघ, तू प्रयत्न केलास. सगळ्यांनाच आपण शिवलेलं बसतं असं नाही."

बुधवारी संध्याकाळी आई कॉलर उलटवत होती, टाचणी गुंड्या निवडत होती, आणि दारातून काहीतरी तपकिरी आत आलं, दिव्याभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि भिंतीवर आपटल्यासारखं बसलं.

"आई गं!" आईने कॉलर डोक्यावर धरली. "टाचणे, हात नको लावूस! चावली तर दवाखाना गाठावा लागेल. मावशीला बोलव, पळ!"

मावशी जवळच राहायची. ती कातडी हातमोजे घेऊन येईपर्यंत टाचणीने पाकोळीवरून नजर काढली नाही. पाकोळी मनगटांवर रांगत भिंतीवरून सरकत होती. कपाटामागे चांगली हातभर मोकळी जागा होती. तिथे तोंड घालून ती परत फिरली. कापडाच्या ताग्यांच्या मागे गेली, तिथूनही परत आली. मग खिळ्यावरच्या फर्म्यांपाशी पोचली, एका बाहीच्या आणि पाठीच्या पुठ्ठ्यामध्ये डोकं खुपसलं, आणि पाकिटात पत्र सरकवावं तशी आत नाहीशी झाली.

मावशीने हलक्या हाताने तिला काढलं. हातमोज्याच्या मुठीतून फक्त डोकं बाहेर.

"यंदाचं पिल्लू दिसतंय. वाट चुकलं असेल. ये, लांबून बघ. नाक कसं आहे?"

टाचणी वाकली. "साधंच."

"हेच तर घराण्याचं पहिलं लक्षण. इतर काही वटवाघळांच्या नाकावर पानासारखी घडी असते. यांचं नाक साधं. आता कान बघ. कानाच्या तोंडाशी छोटी पाकळी उभी आहे? हिची बोथट आहे, गोलसर. लांबकानीची टोकदार होती, आठवतं? आणि हे शेपूट," मावशीने हळूच मागच्या पायांमधली कातडी ताणली, "टोकापर्यंत कातडीच्या आत आहे. उंदरासारखं बाहेर लोंबत नाही. उडता उडता या कातडीची झोळी करते आणि किडा झेलते."

"आणि नारिंगी?"

"नाही. तपकिरी. घराघरांत राहते ती छोटी पाकोळी."

टाचणीचा चेहरा उतरला. "म्हणजे साधीच."

"साधीच. नारिंगीला केळीचं पान लागतं, चपट्या डोक्याचीला बांबू लागतो. हिला तुझ्या आईची पाटीसुद्धा चालली. माणसांच्या इतक्या जवळ, आणि भुणभुण नाही, भांडण नाही. अशी शेजारीण मिळते का?"

"मावशी," टाचणी मध्येच म्हणाली. ती आता पाकोळीकडे बघत नव्हती. फर्म्यांकडे बघत होती. "कपाटामागे एवढी जागा होती. ती तिथे का नाही गेली?"

मावशीने मानेनेच भिंतीकडे खूण केली.

टाचणी भिंतीशी गेली. बाहीच्या आणि पाठीच्या पुठ्ठ्यामध्ये तिने आपला अंगठा घातला. कसाबसा गेला. पुढून पुठ्ठा, मागून पुठ्ठा. दोन्हीकडून टेकलेला.

"तिला पोटही टेकलेलं लागतं आणि पाठही," ती हळूच म्हणाली. "सैल नकोय तिला. घट्ट हवंय." मग एकदम तिने कपाळावर हात मारला. "आई! मी माया धरली!"

"कशात?"

"खोक्यात! मावशीने अंगठा सांगितला होता. माझ्या हाताने आपोआप चार बोटं वाढवली!"

आईने डोक्यावरची कॉलर खाली घेतली आणि यंत्रावर रेलून हसत सुटली. "अगं, लाकडाला कसली माया! चूक केलीस, पण आपल्या घराला शोभेल अशी केलीस हो."

मावशीने पिल्लाला बाहेर भिंतीवर उंच सोडून दिलं. ते क्षणभर थांबलं आणि गेलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर टाचणी मामाला ओढतच घेऊन आली. खोकं खाली उतरवलं. मामाने आत एक जाड खरबरीत फळी बसवायला घेतली, पण मधोमध आडवी पट्टी येत होती. म्हणून फळी एका बाजूला सरकवावी लागली. डावीकडे बरोबर अंगठ्याएवढी फट झाली. उजवीकडची मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट उरली.

"तीपण बुजव ना, मामा."

"फळी संपली आणि उजेडही संपत आला. राहू दे. देवघेवीत थोडं इकडेतिकडे चालतं."

आईनेही हात लावला. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची तिने मावशीच्या सांगण्यावरून एक झालर शिवली: वरून पाटीला घट्ट ठोकलेली, खालून मोकळी. पाकोळ्या आतून सरपटत खाली येऊन सुटतील, पण बाहेरून परत शिरायला वाट सापडणार नाही. झालरीला तिने कडेने धावदोरा घातला होता. कुणी विचारलं नसतं तरी घातला असता.

संध्याकाळी चौघं पायरीवर बसली. मावशीने टाचणीच्या गळ्यात एक काळी डबी अडकवली. "पाकोळ्या ओरडत असतात, पण आवाज इतका उंच, की आपल्या कानाला लागत नाही. ही डबी तो खाली उतरवून ऐकवते. चकती फिरव. लहान अंगाच्या जाती बहुतेक वरच्या आकड्यांवर बोलतात, मोठ्या खालच्या."

टाचणीने चकती वर, आणखी वर फिरवली. टिक-टिक-टिक-टिक. झालरीखालून एक निसटली. मग दुसरी. मग कितीतरी. मध्येच एकीने किडा हेरला असावा. टिकटिक दाट होत गेली आणि शेवटी टर्रर्र झाली.

"ही तर माझी टीप!" आई म्हणाली. "अगदी यंत्र पळवल्यासारखी."

"मग ऐक आणि पोटभर जेवू दे त्यांना," मावशी म्हणाली. "निघणं सोपं आहे, ताई. खरी गोष्ट परत येण्याची."

शुक्रवारी आईने उठवायच्या आधी टाचणी उठली. आभाळ राखाडी होतं. ती पायरीवर येऊन बसली तर आई आधीच तिथे, शाल गुंडाळून.

"मला झोप येत नव्हती," आई म्हणाली, कुणी न विचारता.

त्या आल्या. एक, मग चार, मग मोजता येईनात. पाटीपाशी गेल्या, झालरीवर आपटून मागे वळल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा वळल्या. टाचणीने आईचा हात धरला. उजेड वाढत होता, आणि उजेडात उघड्यावर राहणं म्हणजे कावळ्याची न्याहारी होणं. पाकोळ्या छज्ज्याखाली गोल गोल फिरायला लागल्या.

मग एक खोक्याला चिकटली. खालच्या कडेला. थोडी वर सरकली, थांबली, उजव्या फटीत डोकं घातलं आणि काढलं. डाव्या फटीत घातलं.

आणि नाहीशी झाली.

"गेली," टाचणी पुटपुटली.

"श्श," आई म्हणाली. तिचाच हात टाचणीपेक्षा घट्ट होता.

पहिली आत गेल्यावर बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. एकीमागून एक त्या खोक्याला लागल्या, डाव्या फटीत सरकल्या. ऊन गल्लीत उतरलं तेव्हा छज्ज्याखाली कुणी उरलं नव्हतं, आणि खोक्यातून जेमतेम ऐकू येईल अशी कुजबुज येत होती. घरात नवीन माणसं राहायला आली, की कुठे कोण झोपायचं यावर चालते तशी.

आईने नाक ओढलं. "खोक्याखाली एक फळकूट लावून घे मामाकडून. माझे कोट वाचले पाहिजेत."

दुपारी पाटीवाला आला. जुनी पाटी निघाली, नवी बसली, अक्षरं निळी. पांढरे कोट स्वच्छच्या स्वच्छ दवाखान्यात पोचले. पुढचे काही आठवडे टाचणी रोज संध्याकाळी डबी गळ्यात घालून पायरीवर बसायची. चकती आता न बघताही योग्य जागी फिरायची.

अशाच एका संध्याकाळी सगळेच जमले होते. बाबा आदल्या दिवशी आले होते आणि इस्त्री सोडून दारात उभे होते. डाव्या फटीतल्या पाकोळ्या निघून गेल्या. टिकटिक गल्लीच्या टोकाला विरली. मामा उठायच्या बेतात होता आणि म्हणाला, "चला, ती उजवीकडची बुजवून टाकतो आता. उगीच कोळ्यांना घर."

तेवढ्यात उजव्या फटीतून एक डोकं बाहेर आलं.

रुंद डोकं. पाकोळ्यांपेक्षा चांगलं मोठं. नाक साधं, पण पोट पिवळसर. ते कडेला लोंबलं, पंख सोडले आणि पडल्यासारखं खाली येऊन घरांच्या वरून सरळ, सावकाश निघून गेलं. डबीतून मात्र काही ऐकू आलं नाही.

"आँ? ही कोण?" मामा खाली बसला.

आई मावशीकडे बघत होती. बाबाही मावशीकडे बघत होते. मावशी टाचणीकडे बघत होती.

टाचणीने कुणालाच काही विचारलं नाही. ती पायरीवरून उठून गल्लीच्या मधोमध गेली, मान वर केली, चकतीवर अंगठा ठेवला आणि तो आवाज जिथे असेल तिथवर ती हळूहळू खाली, आणखी खाली फिरवत गेली.